पप्पांचा पिवळा बूथ आणि माझी ईएनटीसी

"ईएनटीसी केलं ना तू? मग आमच्या टीव्हीचा रिमोट बघून दे बरं."

चार वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसून रिमोट हातात घेते, सेल फिरवून देते आणि बहुतेक वेळा तो चालूही होतो. मग काकू खूश. "शिकली हो पोरगी!"

मी फैजपूरची. तालुका यावल, जिल्हा जळगाव. २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन बाहेर पडले. तेव्हापासून घरात, नातेवाइकांत, पुण्याला गेलेल्या मैत्रिणींत एकच प्रश्न चालू आहे: पुढे काय? याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. दिलं तर लोकांना वाटतं पोरीचं डोकं फिरलं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

सुरुवात पप्पांच्या बूथपासून करावी लागेल.

पप्पांना लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय तेव्हापासून अधू. शेतात उभं राहून काम होणार नाही हे आजोबांनी ओळखलं होतं. नव्वदच्या दशकात अपंग व्यक्तींना एसटीडी-पीसीओ देताना प्राधान्य असायचं, त्यात पप्पांना एक मिळाला. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, आत छोटा पंखा, बाहेर लाल आकडे पळवणारं मीटर आणि टर्रर्र करत बिल काढणारं प्रिंटर. मी हे सगळं चालू असलेलं फारसं पाहिलं नाही, पण इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखंच वाटतं.

बूथवर गर्दी कोणाची? पहिले केळीवाले. रावेर-यावलची केळी उत्तर भारतात जाते. माल निघाला की शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा जीव टांगणीला. गाडी दिल्लीला पोचली का, माल कसा उतरला, आज भाव काय निघाला. केळी थांबत नाही, पिकत जाते. एका दिवसाच्या बातमीवर हजारोंचा फरक. दुसरी गर्दी सुरतला लेक दिलेल्या आयांची. आणि रात्री उशिरा, दर कमी झाले की, फौजेतल्या पोरांच्या घरच्यांची. पप्पा सांगतात, लोक केबिनमध्ये शिरताना चपला काढायचे. का ते कोणालाच माहीत नव्हतं.

हा बूथ ज्या व्यवस्थेवर उभा होता तिची गोष्ट मला थेट इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळली. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं. सॅम पित्रोदा आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण इंजिनिअरांनी खेड्यांसाठी छोटं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, वर धूळ, आणि लाइटचा भरवसा नाही. या लोकांनी यंत्रच असं बनवलं की ते एसीशिवाय चालेल. गाव यंत्राला जुळत नसेल तर यंत्र गावाला जुळवून घ्यायचं, असा विचार त्यामागे होता. वर्गात सरांनी हा भाग पाच मिनिटांत उरकला, कारण पेपरला येत नाही. मी मात्र संध्याकाळी पप्पांना फोन करून अर्धा तास तेच सांगत बसले.

माझा जन्म २००३ चा. त्याच वर्षी मे महिन्यात मोबाईलवरचं इनकमिंग फुकट झालं. तोवर येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झाल्यावर मोबाईल हातोहात पसरला आणि बूथ ओस पडायला लागला. पप्पा अजून चिडवतात, "तू आली न् बूथ गेला."

बूथ गेला, दुकान राहिलं. आधी रिचार्ज कूपन आणि सिमकार्ड. मग लोक स्वतःच्या मोबाईलवरूनच रिचार्ज करायला लागले, तसं झेरॉक्स. मग ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती. पाटी तीनदा रंगवली. पिवळा रंग मात्र पप्पांनी सोडला नाही.

बंद पडलेले जुने फोन पोत्यात भरून माळ्यावर होते. माझी खेळणी तीच. दुसरी-तिसरीत असताना पप्पांनी दोन जुने फोन, एक नऊ व्होल्टची बॅटरी आणि लांब वायर घेऊन घरातल्या घरात फोन जोडून दिला. आजी स्वयंपाकघरात, मी ओसरीवर. "हॅलो आजी, भाकरी झाली का?" पंधरा फुटांवरून ओरडूनही विचारता आलं असतं, पण फोनवर विचारायची मजा वेगळी. एक दिवस उंदराने वायर कुरतडली. फोन मुका. मी भोकाड पसरलं. पप्पा म्हणाले, "रडते कायले? वायर तुटली त जोडता आली पाह्यजे." दाताने प्लास्टिक सोलून, तांब्याच्या तारा पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून त्यांनी मलाच ती जोडायला लावली. पलीकडून आजीचा आवाज आला तेव्हा मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. ईएनटीसी मी त्या दिवशीच घेतली असावी. कॅप राउंडला फक्त ऑप्शन भरला.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे ही पोस्ट लिहिते आहे.

अकरावी-बारावीला माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी बसायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची, तडवी घरातली. वसतिगृहात राहून शिकायची. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. गणितात माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी मोकळ्या मनाने सांगते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, वसतिगृह रिकामं झालं, ती पाड्यावर गेली. बारावीचं अख्खं वर्ष ऑनलाइन. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून लेक्चर बघायची. तिच्या पाड्यावर रेंजच नव्हती. टेकडीवर एका ठिकाणी एखाद-दुसरी काडी यायची, तिथे ती वह्यांचे फोटो डाउनलोड करायला जायची. घरात फोन एकच, वडिलांचा. ते मजुरीला गेले की फोनही गेला.

२०२१ ला बारावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. सीईटी झाली. एवढ्या सगळ्यातून तिने सीईटीत चांगले मार्क काढले आणि पहिल्याच फेरीत तिला पहिल्या पसंतीची जागा मिळाली. सरकारी कॉलेज. ईएनटीसी.

पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती मुदतीत स्वीकारावी लागते. नाही स्वीकारली तर पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. शेवटच्या दिवशी दुपारी ती आमच्या दुकानात आली. आधीचा फॉर्म तिने दुसरीकडे भरला होता आणि पासवर्ड लिहिलेला कागद हरवला होता. नवीन पासवर्डसाठी ओटीपी येणार नोंदवलेल्या मोबाईलवर. तो मोबाईल वडिलांचा. वडील पाड्यावर.

कीबोर्डवर मी होते. ओटीपी पाठवा, ओटीपी पाठवा, पुन्हा पाठवा. पप्पा आपल्या फोनवरून तिच्या वडिलांना लावत होते. "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." फी पप्पा भरायला तयार होते. पैशाचा प्रश्नच नव्हता. सहा आकडे पाहिजे होते. पप्पांनी ओळखीच्या एका पोराला मोटारसायकल देऊन पाड्यावर पाठवलं. तो पोचला, वडिलांना घेऊन टेकडीवर गेला, तिथून त्याने फोन केला. "आले वो काका, मेसेज आले! चार आले!" तोवर स्क्रीनवर मुदत संपल्याची ओळ येऊन तासभर झाला होता.

ती रडली नाही. "जाऊ दे," म्हणाली आणि ओढणीने स्क्रीनवरची धूळ पुसली. खरंच पुसली. मला ते अजून दिसतं.

पुढे कॉलेज पातळीवर भरायच्या जागा होत्या, पण तिथली फी तिच्या घरच्यांच्या आवाक्यातली नव्हती. तिने नर्सिंगचा एएनएम कोर्स केला. मला जळगावच्या एका कॉलेजात ईएनटीसी मिळाली. माझे मार्क तिच्यापेक्षा कमी होते. माझ्या वडिलांचं दुकान रेंजमध्ये होतं, एवढाच फरक.

कॉलेजची चार वर्षं थोडक्यात सांगते. पहाटेची एसटी, तापीचा पूल, भुसावळ, मग जळगाव. मार्च २०२३ मध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती. २०२४-२५ पासून सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, त्याचा शेवटच्या वर्षी मला फायदा झाला. सरकारवर टीका करायची तर या गोष्टी पण लिहिल्या पाहिजेत.

आमच्या भागाला शिक्षणाचं वेड जुनं आहे. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्या लाटेत फैजपूरसारख्या गावातही इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. पोरी शिकल्या, हे खरं आहे. काय शिकल्या, हे मात्र विचारायला पाहिजे.

माझ्या शाखेचं नाव टेलिकम्युनिकेशन. चार वर्षांत मी एकदाही टॉवरच्या पायथ्याशी गेले नाही. महागडं स्पेक्ट्रम ॲनालायझर काचेच्या कपाटात होतं, वर हळद-कुंकू लावलेलं. वर्षातून एकदा तपासणी पथक आलं की बाहेर निघायचं. फायबर जोडायचं मशीन आम्ही व्हिडिओत पाहिलं. हे कोण्या एका कॉलेजचं रडगाणं नाही, इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणी पण हेच सांगतात. आणि तिसऱ्या वर्षापासून सगळा वर्ग जावा आणि पायथॉनच्या मागे, कारण प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्या आयटीच्या. अँटेनाचा तास चालू असताना मागच्या बाकांवर कोडिंगचे क्लास चालू. मी पण त्यातलीच, खोटं कशाला बोलू.

तरी विषय आवडायचा. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये मांडलेला सिद्धांत पहिल्यांदा समजला तेव्हा रात्री झोप आली नाही. गोंगाट कितीही असू दे, एका मर्यादेच्या आत राहून नीट रचून पाठवलं तर निरोप जवळजवळ बिनचूक पोचवता येतो, असं गणिताने सिद्ध होतं. मी मनात म्हटलं, निरोप पोचू शकतो. मग पाड्यावर का पोचत नाही?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही तिघींनी त्यावरच घेतला. फुकट मिळणारं एक ॲप, तीन फोन, एक स्कूटी. फैजपूरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत थांबत थांबत सिग्नल मोजायचा. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे बरा, उणे ११० म्हणजे जवळजवळ गेल्यात जमा. यात गंमत अशी की दर दहा आकड्यांना ताकद दहापट कमी होते. म्हणजे उणे ८५ वरून उणे १०५ झालं तर ताकद शंभरावा हिस्सा उरली. बांधावर उभं राहिलं तर बरा आकडा, तिथून दाट केळीच्या बागेत शिरलं की धाडकन खाली. केळीच्या पानात आणि खोडात पाणीच पाणी, आणि पाणी रेडिओ लहरी गिळतं. आमच्याकडचा शेतकरी "वावरात रेंज नाही" म्हणतो, त्यात शास्त्र आहे. आणि सरकारची ई-पीक पाहणी करायची असते नेमकी त्याच वावरात उभं राहून.

पण प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. डोंगराची सावली, अंतर, पानं, हे सगळं होतंच. तरी काही ठिकाणी टॉवर डोळ्यांसमोर उभा आणि फोनवर काहीच नाही. टॉवरखाली पानटपरी होती, तिथे विचारलं. "लाइट गेली ना ताई. बॅटरी दोन तास पण नाही काढत." कधीपासून? "लई दिवस झाले."

मे-जूनच्या वादळात आमच्याकडे केळी आडवी होते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. वादळ येतं तेव्हा लाइट जाते, लाइट गेली की बॅटरी, बॅटरी गेली की टॉवर. म्हणजे नुकसानीचा फोटो पाठवायचा असतो, १०८ ला फोन लावायचा असतो, नेमका तेव्हाच फोन मुका. टॉवर नाही ही तक्रार तरी करता येते. टॉवर आहे, पण चालत नाही, याची तक्रार कुठे करायची?

फैजपूरचं नाव देशात माहीत आहे ते १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. २७ आणि २८ डिसेंबर, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींनी जिवाचं रान केलं आणि नंदलाल बोसांनी बांबू वापरून अधिवेशनाची नगरी सजवली. आम्ही शाळेत दरवर्षी यावर निबंध लिहायचो. लहानपणी मला वाटायचं, ती नगरी ठेवली का नाही? आता वाटतं, बरोबरच होतं. ती दोन दिवसांसाठी होती, काम झालं, उतरवली. टॉवर आणि फायबर असे दोन दिवसांचे नसतात. ते उभारल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून त्यांची देखभाल सुरू होते. आपण मात्र त्यांनाही अधिवेशनासारखंच वागवतो. मांडव, फीत, फोटो, आणि मग सगळे घरी.

पदवीच्या आधीच मला पुण्याच्या एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर मिळालं होतं. साडेतीन लाखांचं पॅकेज. पेढे वाटून झाले. जॉइनिंगची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. घरी बसून काय करायचं म्हणून मी गावाकडच्याच एका छोट्या ब्रॉडबँडवाल्याकडे जायला लागले. पहिल्या दिवशी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, ऑफिसात बसून बिलं करशील का?" मी म्हटलं, स्प्लायसिंग शिकवा.

फायबरचं काम तुम्ही कधी जवळून पाहिलंय का? काचेचा धागा, जाडी १२५ मायक्रॉन, केसाहून थोडा जाड. त्यातला प्रकाश वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. दोन तुटकी टोकं सोलायची, पुसायची, काटकोनात कापायची, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. एक ठिणगी, काच वितळते, धागा एक. सांधा चांगला बसला तर त्यातून प्रकाश जवळजवळ तसाच पुढे जातो. तूट कुठे आहे हे शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र. ते प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत किती वेळाने आला ते मोजतं. काचेत प्रकाशाला किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यावरून तूट किती अंतरावर ते कळतं. पहिला सांधा जमला त्या दिवशी पप्पांना व्हिडिओ कॉल केला. म्हणाले, "दातानं सोलली का?"

अंगणातून रस्त्यावर खड्ड्याजवळ बसलेली पोरगी बघून लोक थांबतात. एक आजोबा तर गंभीरपणे विचारून गेले, "कोणाची पोर तू? घरचे बरे आहेत ना?"

त्या कामात असताना एका ग्रामपंचायतीत गेले. भिंतीवर फायबरची पेटी, वर टॉवेल टाकलेला. ग्रामसेवक म्हणाले, "आली तेव्हा चार महिने चालली. मग पाइपलाइनसाठी रस्ता खोदला, तेव्हापासून बंद." मी सहज ओटीडीआर लावून बघितलं. तूट साडेतीन किलोमीटरवर, त्याच खोदलेल्या रस्त्याच्या कडेला. दोन सांध्यांचं काम. अर्ध्या दिवसाचं. पण ते फायबर आमचं नाही, हात लावायचा अधिकार नाही, आणि ज्यांचं आहे त्यांचा माणूस कुठे असतो ते गावात कोणाला माहीत नाही. ग्रामसेवक टॉवेल नीट करत म्हणाले, "धूळ बसते ना मॅडम."

आता थोडं मोठ्या चित्राकडे बघू. ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, फायबर सरळ रेषेत न नेता रिंगमध्ये नेणं, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालेल. दोन, दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद. याचा अर्थ दिल्लीलाही कळलंय की टाकणं सोपं होतं, सांभाळणं अवघड आहे.

सांभाळणारी माणसं कुठे आहेत? जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्तीने एकाच वेळी ७८ हजारांहून जास्त लोक बाहेर पडले. कंपनीचा तोटा खरा होता, निर्णयावर मत वेगळं असू शकतं. पण पप्पांच्या ओळखीचे लाइनमनकाकाही त्यात होते, आणि कुठली केबल कुठल्या बाभळीखालून जाते हे नकाशात नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. ते ज्ञान त्यांच्याबरोबर घरी गेलं.

ट्रायच्या २०२५ मधल्या आकड्यांत शहरात शंभर माणसांमागे १३० च्या आसपास फोन जोडण्या होत्या, खेड्यात ६० च्याही आत. नियम चांगले होत आहेत, हेही सांगते. २०२४ च्या नव्या नियमांनुसार कंपन्यांना आपली रेंज कुठे आहे याचे नकाशे जाहीर करावे लागतात. एखाद्या जिल्ह्यात मोठा बिघाड २४ तासांच्या वर राहिला तर ग्राहकांना भरपाई द्यायची. पण माप जिल्ह्याचं आहे. जळगाव जिल्हा चालू आणि त्यातला एक पाडा आठ दिवस बंद, तर या हिशेबात काही झालंच नाही.

कोणी म्हणेल, आता उपग्रहावरून इंटरनेट येतंय, स्टारलिंकला २०२५ मध्ये परवाना पण मिळाला. येऊ दे, चांगलंच आहे. पण त्या डिशलाही लाइट लागते, पैसे लागतात, आणि बिघडली तर बघणारं माणूस लागतं.

आणि उमेद वाटावी असंही घडतंय. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोर-जी सुरू झालं. कोअर सी-डॉटचा, रेडिओ यंत्रणा तेजसची, जुळवाजुळव टीसीएसची. पप्पांच्या बूथमागचं तेच सी-डॉट. म्हणजे या क्षेत्रात काम नाही असं नाही. काम ढीगभर आहे. आम्हाला ते शिकवलं जात नाही, एवढंच.

आता माझं उत्तर. पुढे काय?

जॉइनिंगचं पत्र अखेर गेल्या महिन्यात आलं. मी नाही म्हणून कळवलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिचं चुकत नाही. फी, एसटी, मेस, सगळ्याचा हिशेब तिने ठेवलाय, आणि साडेतीन लाख म्हणजे आमच्या घरात फार मोठी रक्कम आहे. आयटीत जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, माझ्या निम्म्या मैत्रिणी तिथे आहेत आणि घरं चालवतात. मला फक्त माझ्या शाखेचं काम करायचंय.

सध्या दिवसा स्प्लायसिंग आणि रात्री गेटचा अभ्यास. चांगला स्कोअर आला तर वायरलेसमध्ये एमटेक. विषय पण ठरलाय: पिकांच्या पट्ट्यात आणि डोंगराच्या सावलीत सिग्नल कसा टिकवायचा. नाही आला तर सरकारी टेलिकॉममधल्या ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसरच्या जागा निघतील तेव्हा परीक्षा देईन. आणि दोन्ही नाही जमलं तरी एक गोष्ट करणार आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुनं स्प्लायसिंग मशीन आणि तुटकी फायबर ठेवून आयटीआयच्या पोरापोरींना शिकवणार. पप्पांनी खोली रिकामी करायला घेतली आहे. पोत्यातले जुने फोन मात्र टाकू देत नाहीत.

सरकारकडे, कॉलेजांकडे माझं मागणं फार नाही. प्रत्येक तालुक्याला देखभालीचं एक पथक, स्थानिक पोरापोरींचं, ज्यांचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला असेल. गावाची लाइन कधी बंद पडली, कधी चालू झाली, याची नोंद लोकांना दिसेल अशी. ईएनटीसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीआधी एक महिना टॉवरवर किंवा फायबरवर काढलेला. आणि जिथे रेंज नाही तिथल्या माणसाचा प्रवेश, रेशन, अनुदान केवळ ओटीपीवर अडणार नाही, अशी एक खिडकी, जिथे जिवंत माणूस बसलेला असेल.

शेवटी माझ्या मैत्रिणीबद्दल. ती आता एका आदिवासी गावातल्या उपकेंद्रात एएनएम आहे. गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, सगळं ऑनलाइन भरायचं. दिवसभर वहीत लिहिते आणि संध्याकाळी फोन घेऊन टेकडीवर चढते. दिवाळीत भेटली तेव्हा मी तिला माझा निर्णय सांगितला. मला वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, "तुझं ते मशीन आमच्याकडे कधी आणते ते सांग. पावसाळ्यात टेकडी घसरडी होते."

तिला मी अजून तारीख दिलेली नाही. देता येत नाही.

तुमच्या गावात ग्रामपंचायतीतली फायबरची पेटी चालू आहे का? टॉवरची बॅटरी लाइट गेल्यावर किती वेळ टिकते? माहीत असेल तर गाव आणि तालुका खाली लिहा. यादी करायला घेतली आहे.